बसून खायचं शेत

आमच्या घरात 'बसून उत्पन्न' हा शब्द आणला तो ह्यांनी. नोकरीतून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे दिवसभर सोफ्यावर आडवे पडून मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. एक दिवस ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "मंद्रूपचं शेत आहे ना, ते आपण काहीही न करता पैसे देऊ शकतं." मी भाकरी थापत होते. म्हटलं, "काहीही न करता आधी दोन कप चहा होतो का ते बघा."

शेत माझ्या माहेरचं. रस्त्याला लागून तीन एकर काळं रान आणि बांधावर चिंचेची चार झाडं. आई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले आणि शेत वाट्यानं दिलं. वाटेकरी आणि त्याची बायको कष्टाळू, पण ज्वारीची चार पोती आणि थोडी तूर यापलीकडे आमच्या हाती काही लागायचं नाही. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याच्या मागे एक प्लॉटिंगवाला हात धुऊन लागला होता. "अक्का, तिथं राहायला कुणी नाही, बघायला कुणी नाही, मग ठेवायचं कशाला?" असं तो दर रविवारी फोनवर विचारायचा. आप्पा शेजारी बसून ऐकायचे. फक्त त्या रात्री दुसरी भाकरी मागायचे नाहीत.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला फार वेळ लागत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मी फोनवर म्हटलं, "या हिवाळ्यात शेतानं स्वतःच्या जिवावर काही मिळवून दाखवलं तर विकायचं नाव काढायचं नाही. नाही मिळवलं, तर आप्पांना सही करायला मीच सांगते." फोन ठेवला आणि बघते तर आप्पा गॅलरीच्या दारात उभे. म्हणाले, "सांग की. तू सांगितलंस तर करीन मी सही." आणि आत निघून गेले. मला जीभ चावून टाकावी असं वाटलं.

तर ह्यांची योजना अशी होती. शेतात हुरड्याची ज्वारी पेरायची. शहरातली माणसं गाडीनं येतील, माणशी ठरलेले पैसे देतील, चिंचेखाली बसून हुरडा खातील आणि जातील. हुरडा वाटेकरी भाजणार, वाढायला त्याची बायको, दोघांना त्यात वाटा. आपण बसून राहायचं. माझा भाऊ हसला, पण म्हणाला, "करा, पहिल्या दिवशी मी स्वतः येऊन बघतो, त्या दिवशी काय मिळतंय त्यावरच ठरवू."

ज्वारी झकास आली. पहिला दिवस कोणता ठेवायचा यावर ह्यांनी कॅलेंडर उघडलं आणि बोट ठेवलं ते येळवशीवर.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं करायचं, त्यात पाच दगड चुना लावून मांडायचे, पूजा करायची, भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबिल यांचं जेवण शेतातच करायचं. ज्याला शेत नाही तो शेत असलेल्याकडे जातो. ह्यांचं म्हणणं असं, की जुळे सोलापुरात शेत नसलेले हजारो लोक आहेत, त्या दिवशी त्यांचा जीव नुसता तळमळत असतो, मागणी जोरात राहील. हे सोलापुरात वाढलेले, ह्यांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नाही, ह्यांना काय सांगायचं. पण मी तर मंद्रूपची लेक. मला कळायला नको होतं? मीही "हो, चालेल" म्हणून बसले. हाव सुटली होती, दुसरं काय.

तीस माणसांनी आगाऊ पैसे भरले. ह्यांनी एक मोठी पाटी रंगवून घेतली. 'येळवस स्पेशल हुरडा, जेवणासह' आणि खाली माणशी दर. आप्पांना आम्ही एवढंच सांगितलं की पाहुणे येणार आहेत. पाहुणे म्हटल्यावर म्हातारा लेकरासारखा हरखला. धोतर इस्त्रीला दिलं.

आणि बसून उत्पन्नाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा मी पहाटे चारपासून उभी होते. तीस माणसांची भज्जी म्हणजे काय चेष्टा आहे? ओली तूर सोल, हरभऱ्याची भाजी निवड, वाटाणे, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, वरून बेसन. हे पातेली रिक्षात चढवत होते आणि कंबर धरून "आई गं" म्हणत होते. मी म्हटलं, "बसा की आता. बसूनच करायचं होतं ना?"

शेतात पोचलो तेव्हा भाऊ पुण्याहून येऊन थांबला होता. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर कागदांची एक जाड गुंडाळी दिसली. प्लॉटिंगवाल्यानं काढून दिलेला आमच्या शेताचा नकाशा होता तो, रस्ते आणि प्लॉट आखलेला. चार प्रती होत्या. "जेवण झाल्यावर आप्पांना दाखवतो," भाऊ म्हणाला.

आप्पा रिक्षातून उतरले आणि पाटीसमोर उभे राहिले. चष्मा घरी राहिला होता, पण अक्षरं केवढी मोठी. वाचून झाल्यावर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मी उलटून बोलले तरी असते. ह्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, येळवशीला जेवणाचं पैसं घेत न्हाईत. तुमाला ठावं न्हाई, तुमची चूक न्हाई." मग माझ्याकडे बघितलं. ती पाटी त्यांनी स्वतः उपटली आणि हुरडा भाजायच्या आगटीशी नेऊन ठेवली. वाटेकऱ्याला म्हणाले, "वारा घालायला बरी हाय."

झालं. पाहुणे येत गेले आणि हे खाली मान घालून एकेकाचे पैसे मोबाईलवरून परत पाठवत राहिले. माणसं आधी गोंधळली, मग हसायला लागली. शेताची कमाई शून्य. भावाच्या चेहऱ्यावर ना आनंद ना दुःख. पैज तो जिंकला होता.

पूजा झाली. पूजेनंतर घरच्या पुरुषानं अंबिल शिंपडत, मोठ्यानं आरोळी देत शेताला फेरी घालायची असते. आप्पांचे गुडघे गेलेले. त्यांनी गाडगं भावाच्या हातात दिलं. "तू फीर. आवाज मोठा काढ, लाजू नको." भावानं बूट काढले, विजार वर दुमडली आणि निघाला. पहिल्या बांधावर पुटपुटत होता, दुसऱ्यावर जरा बोलू लागला, आणि तिसऱ्या बांधावरनं त्याची आरोळी आली ती थेट लहानपणची. मला भडभडून आलं. पदरानं डोळे पुसले आणि भज्जीत पळी घातली.

इकडे आप्पा रस्त्याच्या कडेला जाऊन उभे. येळवशीला वाटसरूला जेवायला बोलवायचं, हे आमच्यात ठरलेलं. "या की जेवायला," अशी हाक. कुणी कन्नड बोलणारा दिसला की, "बर्री, ऊट माडरी." उसाच्या दोन बैलगाड्या थांबल्या, ऊसतोडीची आठ-दहा माणसं उतरली. एक टेम्पोवाला त्याच्या बायकामुलांसकट आला. सोलापुरातलंच मुसलमान कुटुंब, लग्नाला निघालेलं. त्याच्या बायकोनं हात धुतले आणि न सांगता माझ्या शेजारी वाढायला बसली. पैसे परत मिळालेल्या बायकाही पदर खोचून उठल्या. तिसाची साठ माणसं झाली आणि भज्जी कशी पुरली ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक मी पाणी घातलं असावं.

पुरला नाही तो कागद. हुरडा वर्तमानपत्रावर द्यायचा असतो, सोबत शेंगाचटणी आणि गूळ. रद्दी तीस माणसांच्या हिशोबानं आणलेली. ऊसतोडीच्या दोन म्हाताऱ्या हात पुढं करून उभ्या, गरम हुरडा वाटेकऱ्याच्या सुपात, आणि ठेवायला काही नाही. आप्पा म्हणाले, "आरं, कागद आणा की कुनीतरी."

भाऊ बांधावर बसून पायातला काटा काढत होता. उठला, अनवाणीच गाडीकडे गेला आणि ती गुंडाळी काखेत मारून आला. मी बघत राहिले. त्यानं पहिली प्रत उलगडली, मांडीवर ठेवली आणि प्लॉटच्या आखलेल्या रेघांवरून टराटरा फाडायला लागला. छान चौकोन पडत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अरे, पैज तू जिंकलायस." तो मान वर न करता म्हणाला, "अक्का, दुसरी प्रत उलगड. माणसं थांबलीत."

चारही प्रती संपल्या. आता दर रविवारी तिथं हुरडा असतो, पैसे घेऊन, फक्त येळवस सोडून. त्या दिवशी आलेल्यांतले बरेचसे पुन्हा आले, सोबत आणखी चौघांना घेऊन. उत्पन्न आहे, पण बसायला अजून कुणाला मिळालेलं नाही. ह्यांची कंबर बारीक झाली आहे आणि सोफा मोकळा.

त्या दिवशी शेवटी आप्पांच्या पुढ्यात मी हुरडा ठेवला. दोन घास खाऊन त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, चटणी बोटानं बाजूला केली आणि भावाला विचारलं, "ह्यावर काय लिवलंय रं?"

भाऊ म्हणाला, "काय न्हाई आप्पा. रद्दी हाय. खावा तुमी."

त्या रात्री आप्पांनी दुसरी भाकरी मागितली.