हंसाबेनचा धूप

धुपाचा वास आला की मला देव आठवत नाही, आमची मांजर, मनी आठवते.

तरसालीच्या आमच्या गुजराती सोसायटीत मासळी शिजवायला बंदी होती. पण सतरा वर्षांची मनी तीन दिवस दुधालाही तोंड लावत नव्हती. शेवटी आईने खिडक्या लावून दोन सुके बोंबील भाजले. मी ते चुरून बोटाने तिच्या ओठांना लावले, तेव्हा तिची खरखरीत जीभ हळूच हलली.

इतक्यात दाराच्या फटीतून धूर आत आला. दार उघडून पाहते तर समोरच्या हंसाबेन, कांदासुद्धा न खाणाऱ्या, आमच्या उंबऱ्याशी धुपाटणं घेऊन उभ्या. एवढी किळस! माझं डोकंच फिरलं.

वास कसला येतोय, म्हणून जिन्यातून सेक्रेटरींनी विचारलं, "आ शानी वास आवे छे?"

"मारे त्यां पूजा छे," हंसाबेन म्हणाल्या. सेक्रेटरी खाली गेल्यावर त्यांनी आत डोकावून हलकेच विचारलं, "खाधुं एणे?" खाल्लं का तिने?

मला त्यांच्या नाकावरचा पदर तेवढा दिसला. मी दार लावून घेतलं.

मनी दुसऱ्या दिवशी गेली. हंसाबेनही जाऊन आता बरीच वर्षं झाली. खाल्लं होतं तिने, दोन घास. एवढंच तर सांगायचं होतं.