दगडाची कोरी बाजू

बायको गेली तेव्हा जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या दफनभूमीत मी दोघांची कबर घेतली. इथे नवरा-बायकोसाठी शेजारीशेजारी जागा राखून ठेवता येते. दगडाच्या डाव्या बाजूला तिचं नाव कोरून घेतलं, उजवी बाजू माझ्यासाठी कोरी ठेवली. नक्की ना, असं कारागिरानं दोनदा विचारलं. मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो. हो म्हणालो.

मुलीला सांभाळायला सासूबाई नगरहून आल्या आणि राहिल्याच. त्यांच्या व्हिसासाठी वकील लावावा लागला. आल्याबरोबर त्यांनी घरात संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. जेवणाआधी एक गीत, मग प्रत्येकानं आपापल्या शब्दांत मोठ्यानं प्रार्थना करायची. मुलगी जर्मनमध्ये करते. "देवाला कळतं," सासूबाई म्हणतात, "मलाच कळत नाही."

गेल्या वर्षी चर्चच्या गायकवृंदातल्या एका बाईंशी माझी ओळख वाढली. माझ्याच वयाच्या, घटस्फोटित. लग्न करायचं ठरलं. मुलीला सांगितलं, तिनं थोडा विचार करून मान डोलावली. सासूबाईंना सांगणं मात्र जमेना. त्यांनी स्वतःची मुलगी परक्या मातीत ठेवली आणि माझी वाढवली. केमिकल प्लांटमधल्या कामावरून परतताना ट्राममध्ये मी वाक्यं जुळवायचो. दारातच त्या म्हणायच्या, "हात धुवा, वरण गार होतंय," की सगळी वाक्यं जायची.

प्रार्थनेत तर फारच पंचाईत. डोळे मिटून खोटं बोलवत नव्हतं, आणि खरं बोललो तर त्या शेजारीच बसलेल्या. माझी प्रार्थना आखडत गेली. शेवटी अन्नाबद्दल आभार आणि आमेन, एवढीच उरली. रोज त्या आमेननंतर मला स्वतःचा वीट यायचा.

एका शनिवारी आम्ही दोघं नेहमीसारखे कबरीवरच्या रोपांना पाणी घालायला गेलो. सासूबाई वाळलेली पानं खुडत होत्या.

"जावईबापू, तुमची प्रार्थना फार आखूड झालीय."

"दमतो, आई."

"दमलात की तुम्ही उलट लांबवता. पोळ्या गार होईस्तोवर. हे दमणं नाही."

मी झारी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"आपल्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचून दाखवतात," त्या म्हणाल्या. "कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मला कुणी विचारलंच नाही."

"तुमची हरकत आहे?"

"माझ्या हरकतीनं पोर उठून येणार आहे का?" त्यांनी आणखी दोन पानं खुडली. मग विचारलं, "प्रार्थना करते का ती?"

"गाते."

"चालेल."

मग त्यांनी दगडाच्या कोऱ्या बाजूकडे बोट केलं. "आणि इथं कोण?"

"मीच. ठरल्याप्रमाणे."

"म्हणजे नव्या बायकोनं दर शनिवारी येऊन तुमची रिकामी जागा बघायची? काहीतरीच. ही जागा मला द्या."

"आई, तुमची जागा नगरला, बाबांच्या शेजारी आहे."

"त्यांच्या आजूबाजूला सगळं गोत आहे. ही इथं एकटी आहे."

मला वाटलं होतं, सांगून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी दिलेला शब्द मोडत होतो आणि तो पाळायला त्या आपली जागा सोडत होत्या. मी बाकावर जाऊन बसलो. उरलेलं पाणी त्यांनीच घातलं, कोऱ्या बाजूच्या रोपांनाही.

त्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी आधी बायकोचं नाव घेतलं. मग सासूबाईंचं, मुलीचं, आणि थोडं थांबून त्या बाईंचं. ज्या ज्या गोष्टीची क्षमा मागायची होती, ती एकेक करून मागत गेलो. मुलगी मधे चुळबुळली. सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला असावा, ती पुन्हा गप्प झाली.

डोळे उघडले तेव्हा पोळ्या गार झाल्या होत्या. सासूबाई उठल्या आणि त्यांनी तवा पुन्हा तापत ठेवला.