गालिच्याची कोरी बाजू

सत्तरच्या दशकात मी सांगलीत जुन्या सामानाच्या दुकानात गालिचे पारखायचो. एका दुपारी वडूजकडची एक म्हातारी लहानसा गालिचा काखोटीला मारून आली. तिच्या मेलेल्या नवऱ्याने तो दुसऱ्या महायुद्धात फौजेत असताना इराणातून आणला होता. गालिचा शंभर वर्षांचा आहे असं तो सांगायचा आणि भावकी हसायची. तिला विकायचा नव्हता, फक्त खरं काय ते हवं होतं.

मी कड उलटली. अस्सल गालिच्याची झालर विणीच्याच धाग्यांची असते. ही मागाहून शिवलेली होती.

"बनावट आहे, आजी." मी हे किती सहज म्हणालो, ते अजून सलतं.

ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. "म्हंजी त्यास्नी फसवलं तिकडं. परक्या मुलखात एकटा मानूस, कुनाला इचारनार?"

गालिचा एका बाजूला बसून बसून विरला होता. दुसरी बाजू मात्र कोरी होती. मी कारण विचारलं.

"ती त्यांची बाजू. ह्यो आनला आन् वर्साभरात ते गेलं, तवापास्नं तितं कुनी बसत न्हाई."

तीच बाजू आत राहील असा तिने गालिचा गुंडाळला.