नंदानं सोडलेली सोंगटी

आम्ही दोघी जावा एकाच दिवशी चिपळूण सोडून मस्कतला निघालो, ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे नवरे आधीच तिकडे एका वीज प्रकल्पावर कामाला होते. तुम्ही घरचे सगळे स्टँडवर पोचवायला आला होतात. सासूबाई धाकट्या नंदाच्या गळ्यात पडून रडल्या आणि मला म्हणाल्या, "तू मोठी आहेस. हिला सांभाळून घे." माझ्यासाठी कोणी रडलं नाही, मला नुसत्या सूचना मिळाल्या. आता लिहायला हरकत नाही, मी तेव्हापासूनच नंदावर जळत होते.

मस्कतच्या अल हैल भागात आम्हाला एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट मिळाले. मी पडदे लावत होते तोवर नंदानं बकालावाल्यापासून, म्हणजे खालच्या किराणावाल्यापासून, केरळी शेजारणींपर्यंत सगळ्यांशी ओळखी करून घेतल्या. वरच्या मजल्यावरच्या हारुकोशी तर थेट मैत्रीच. हारुकोचा नवरा त्याच प्रकल्पावर इंजिनिअर होता. दर सोमवारी सकाळी, मुलांच्या स्कूलबस गेल्या की, तिच्याकडे जपानी बायकांचा माहजाँगचा, म्हणजे सोंगट्यांच्या एका खेळाचा, डाव बसायचा. त्याला चार माणसं लागतात. एक कमी पडली आणि हारुकोनं नंदाला बोलावलं.

मला नाही. मेंढीकोटात अख्ख्या आळीला रडवणारी मी खाली भाजी निवडत बसायची आणि जिला हुकूम कुठला लागलाय तेही लक्षात राहत नव्हतं ती नंदा वर सोंगट्या खडखडवायची. तो आवाज छतातून खाली यायचा आणि माझ्या डोक्यात जायचा. ती येऊन सांगायची, हारुकोकडे नुसत्या माहजाँगवरची चित्रकथांची पुस्तकं आहेत, त्यांत एक सोंगटी उचलायला माणूस चार पानं घाम गाळतो. सांगताना पोट धरून हसायची.

"असेल. मला कामं आहेत," मी म्हणायची.

दोन वर्षांनी त्यांतली एक बाई जपानला परत गेली आणि मला वर बोलावणं आलं. नंदानंच मला खेळ शिकवला. एक सोंगटी उचलायची, एक टाकायची. टाकलेली प्रत्येकीपुढे ओळीनं उघडी राहते. डाव पुरा व्हायला एकच सोंगटी हवी असेल तर 'रीची' म्हणून जाहीर करायचं. मग ती कोणीही टाकली की 'रॉन' म्हणायचं आणि टाकणारीचे गुण घ्यायचे.

पहिल्याच सोमवारी नंदानं रीची केलं. मी बांबूच्या चित्राची पंजी टाकली. तिचा हात जरा थबकला, मग तिनं मुकाट्यानं आपली पुढची सोंगटी उचलली. थोड्या वेळानं केको नावाच्या बाईनं तशीच पंजी टाकली आणि नंदा "रॉन!" म्हणून आपल्या सोंगट्या उलगडून मोकळी झाली. हारुकोनं माझ्यापुढच्या ओळीतल्या पंजीवर बोट ठेवलं. रीची केल्यावर हवी असलेली सोंगटी एकीची सोडली, की त्या डावात मग दुसऱ्या कुणाची घेता येत नाही. नंदाला सगळ्यांना दंडाचे गुण द्यावे लागले.

का सोडलीस, असं हारुकोनं इंग्रजीत विचारलं. नंदा म्हणाली, "एल्डर सिस्टर-इन-लॉ." दोघी जपानी बायकांनी समजल्यासारखी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिन्यात मी तिला गाठलं. "मी म्हटलं होतं का तुला, सोड म्हणून?"

"पहिलाच दिवस होता वहिनी. तुमचंच कसं घ्यायचं?"

"मी तुझं सोडलं नसतं."

"माहितीये की मला," ती म्हणाली आणि हसली. तिला माहीत होतं, हेच मला जास्त झोंबलं. पुढच्या सोमवारी मी तिच्या सोंगटीवर दोनदा रॉन म्हटलं. तिला आनंद झाला आणि मला त्याचाही राग आला.

पुढे त्यांच्या मुलांच्या कॉलेजसाठी नंदा आणि भाऊजी चिपळूणला परतले. हारुकोही गेली. भाडं परवडेना म्हणून आम्ही आणखी लांब, माबेलाला आलो, यांचा निम्मा दिवस आता गाडीत जातो. माझी मुलं माझ्याशी इंग्रजीत भांडतात. आणि तिकडे सासूबाई रोज नंदाच्या नावानं ओरडतात, मीठ जास्त झालं, दार उघडं टाकलं. फोनवर मागून ते ऐकू येतं. खरं सांगते, मी त्या ओरड्यावरही जळते. मी सुट्टीत येते तेव्हा मला नवी चादर मिळते, पहिलं ताट मिळतं आणि तुम्ही सगळे माझं म्हणणं ऐकून घेता.

या खेपेला हट्टानं भांडी घासायला बसले आणि सासूबाईंचा जुना कप फोडला. त्या आतून नंदाला म्हणाल्या, "असू दे गो, पाहुणी आहे ती. काही बोलू नकोस."

मी मोरीतच बसून राहिले. नंदा तुकडे गोळा करायला आली. मी म्हटलं, "तू तरी बोल मला."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "लक्ष कुठं असतं वहिनी तुमचं? एक काम धड करता येत नाही!"

घरी आल्यासारखं वाटलं मला.