जैनबबीच्या आठ दोऱ्या

अकोल्याच्या जैनबबीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण डोळ्याच्या मागे काय असतं हे साऱ्या वऱ्हाडात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, असं मी छातीठोक सांगतो. तिचा नवरा अब्दुल रहीम कसाई होता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि घरोघर मटण शिजू लागलं. दुकानात बोकडाच्या मुंड्यांची रास पडे. त्या साफ करण्याचं काम जैनबबीकडे होतं.

इतर बायका डोळा काढून टाकत आणि पुढच्या मुंडीला हात घालत. ही मात्र थांबे. डोळ्याच्या खोबणीत मांसाच्या बारीक पट्ट्या असत. त्यांना ती दोऱ्या म्हणे आणि एकेक ओढून पाही. चार सरळ, दोन तिरप्या. तिरप्यांतली एक नाकाकडच्या बारीकशा कडीतून वळून येते, मोटेचा दोर चाकावरून यावा तशी. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने नवऱ्याला गिऱ्हाईक सोडून आत बोलावलं होतं. सातवी दोरी डोळा आत ओढणारी. आणि सगळ्यांच्या वरून जाणारी आठवी ओढली, की पापणी उघडे. यातली सातवी माणसाला नसते, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिची एवढीच चूक मला सापडली, आणि त्यावर हसणाऱ्याने आधी एक मुंडी स्वतः सोलून दाखवावी.

कापसाच्या दिवसांत कोणाच्याही डोळ्यात तंतू जाई. काडीवर पापणी उलटून तो अलगद काढणं जैनबबीला सहज जमे. म्हणून १८६४ च्या हंगामात, वाटेत डोळ्यात तंतू गेला तेव्हा, पातूरच्या पार्बताबाई बैलगाडीतून उतरून तिच्या दारी आल्या. बरोबर नवी सून वच्छला होती. तिला मूर्तिजापूरला माहेरी कायमची सोडायला नवरा-बायको निघाले होते; नवरा बाहेर गाडीपाशीच थांबला. तक्रार एकच, पोरगी अकडू आहे. सासऱ्यापुढेसुद्धा मान खाली घालत नाही, हनुवटी वर करून, भुवया ताणून बघते. तिचे डोळे जन्मापासूनच अर्धे मिटलेले. ते झोपाळूपण समजून घरच्यांनी सोडून दिलं होतं. ताठ मान मात्र कोणी माफ करेना.

जैनबबीने पार्बताबाईंच्या डोळ्यातला तंतू काढला आणि वच्छलेकडे बघत राहिली. मग तिच्यासमोर बोट डावीकडे, उजवीकडे, वर, खाली नेलं. मुलीची बुबुळं बरोबर फिरली. नंतर तिच्या दोन्ही भुवया अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि मान न हलवता वर बघायला सांगितलं. बुबुळं पापण्यांआड गेली, पापण्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. हेच तिने पार्बताबाईंच्या भुवया दाबून करून घेतलं. त्यांच्या पापण्या सहज वर गेल्या. शेवटी ती आतून मुंडी घेऊन आली आणि आठवी दोरी ओढून दाखवली.

"हे पोरगी अकडू नाही, बाई," जैनबबी म्हणाली. "हिची पापनीची दोरीच कमजोर हाय. मान वर नाही केली, तं तुमी तिले दिसनार कशा?"

सहा महिने पार्बताबाईंनी या पोरीला मान खाली घालायला लावली होती, आणि ती उंबऱ्याला ठेचाळली की वर बोलही लावले होते. त्यांना फार लाज वाटली. बाहेर जाऊन त्यांनी नवऱ्याला, जानरावांना, गाडी परत पातूरकडे वळवायला सांगितलं.

सून परत आली म्हटल्यावर वेशीजवळ बायका बघायला जमल्याच. वच्छला घाबरून मान खाली घालूनच गाडीतून उतरली. पार्बताबाईंनी सगळ्यांच्या देखत तिची हनुवटी वर उचलली.

"वर पाह्य," त्या म्हणाल्या. "माही सून हायेस तू."