परशुरामी नजर
नौपाड्यातल्या फोटोग्राफर परशुराम लेल्यांना आपल्या कलेचा अभिमान होता असं म्हणणं म्हणजे फारच कमी सांगणं झालं. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसाचीही, प्रकाश कुठून यावा यावरचं प्रवचन ऐकल्याशिवाय सुटका नसे. त्यांनी काढलेल्या डोहाळजेवणाच्या फोटोंत बाई कॅमेऱ्याकडे बघत नसे. ती किंचित डावीकडे बघून इतकं मनापासून हसत असे की फोटो बघणाराही हसे. "याला परशुरामी नजर म्हणतात," लेलेकाका सांगत. हे नाव कोणी ठेवलं होतं ते सांगायला नकोच.

हे सगळे फोटो एकाच रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेले होते. निळं आकाश, मोठी चंद्रकोर आणि पुढे स्टूल. त्यावर बसली की बाई चंद्रावर बसल्यासारखी दिसे. पण हल्ली गिऱ्हाइकं स्वित्झर्लंड मागू लागली, म्हणून काकांनी हिरवा पडदा आणला. फोटोतलं हिरवं तेवढं संगणक पुसतो आणि तिथे हवं ते दृश्य बसवतो. चंद्राचा पडदा 'चिंधी' ठरला. गोदाकाकूंनी, म्हणजे लेल्यांच्या बायकोने, तो नेऊन स्कूटरवर झाकायला घातला. त्यांनाही सुट्टीच मिळाली होती. इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला त्या मोठा दिवा धरून उभ्या राहत, आता तिथे स्टँड आलं होतं.

अशात एके दुपारी शिवानी आली. दिवस भरलेले, हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि हातात एक जुना फोटो. त्यात तिची आई याच चंद्रावर बसून हसत होती.

"काका, मला सेम असाच पायजे. आई आता नाहीये ना. यात आम्ही दोघी आहोत. मी आत आहे, दिसत नाही एवढंच."

काकांना भरून आलं, पण ऐट काही गेली नाही. "अगं, याच्याहून झकास चंद्र लावतो बघ!"

लावला. संगणकावर झकास चंद्र उगवला आणि त्याच्यापुढे शिवानीचं डोकं, दोन हात आणि मोगऱ्याचा हार अधांतरी तरंगू लागले. हिरव्या साडीबरोबर पोटही गायब.

"काका, बाळ कुठे गेलं?"

"दुसरी साडी नेसून उद्या येतेस का?"

"उद्या ॲडमिट व्हायचंय!"

आता बायकोला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपणच चिंधी म्हटलेली वस्तू परत मागणं काकांच्या अगदी जिवावर आलं. काकू पडदा घेऊन आल्या. स्कूटरच्या आरशाने चंद्राला भोक पडलं होतं. "ही बसली की झाकलं जाईल," असं म्हणून त्यांनी तो टांगला.

पण फोटो काही जमेना. काकांनी दिवा चार वेळा हलवला. माझ्या डावीकडे बघ म्हटलं, तर शिवानी बसची वाट बघितल्यासारखी बघायची. शेवटी ती रडवेली झाली. "आई कोणाला बघून एवढी हसली होती?"

काका प्रवचनाला तोंड उघडणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "मला."

त्यांनी स्टँड बाजूला सारलं आणि दिवा हातात घेतला. "तू बघच. अहो, काढा तुम्ही फोटो."

काकांनी सवयीप्रमाणे डावा डोळा मिटून कॅमेऱ्याला डोळा लावला. तिकडे काकूंनीही एक डोळा मिटला, गाल फुगवले, जीभ बाहेर काढली आणि हुबेहूब लेले झाल्या. शिवानी पोट धरून खदखदून हसली. "काकू, बाळाने लाथ मारली!"

"तुझी आईसुद्धा हेच म्हणाली होती," काकू म्हणाल्या.

फोटो बघून काका आधी खूश झाले, मग त्यांनी शोकेसमधल्या जुन्या फोटोंकडे वळून पाहिलं. सगळ्या बायका डावीकडे बघून हसत होत्या. कॅमेऱ्यामागे कायम डावा डोळा मिटलेला, त्यामुळे डावीकडे काय चालतं ते त्यांना आजवर दिसलंच नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं या सगळ्या मला हसत होत्या?"

काकूंनी दिवा खाली ठेवला. "मग? फोटो चांगले आले ना?"

शिवानीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले आणि डोळे पुसले. "म्हणजे काका, मी आत होते तेव्हापासून तुम्हाला हसतेय."