कासम पिंजाऱ्याची एकच तबकडी

कासमचाचा कापूस हातात घेतला की आधी गालाला लावायचा. गादी उसवून आतला घट्ट, पिवळा पडलेला कापूस अंगणात ओतला जायचा, त्यातली एक मूठ उचलून तो डोळे मिटायचा आणि गालावर धरून थोडा वेळ बसायचा. मग घरच्या बाईला सांगायचा, "हाई गादीवर म्हतारा मानूस निजस. डावा कुशीवर." बाई तोंडाला पदर लावून हसायची, कारण ते खरं असायचं. मी पहिल्यांदा त्याला पाहिलं ते आमच्याच अंगणात, माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा. त्याने आमचा कापूस गालाला लावला आणि माझ्या बायकोला विचारलं, "बाई, गुरुजीले झोप येत नही का?" मला खरोखरच येत नव्हती. मी साताऱ्याकडचा, नंदुरबारच्या शाळेत मास्तर म्हणून येऊन तीन महिने झाले होते, आणि मुलं काय बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं.

चाचाचं घर नंदुरबारात पिंजाऱ्यांच्या गल्लीत होतं. दिवाळी उलटली की तो भली मोठी कमान खांद्यावर टाकून निघायचा. शहादा, ब्राह्मणपुरी, खाली नवापूरपर्यंत. ज्या घरी गाद्या-गोधड्या असतील त्या घरी बसायचा. कमानीची तात, म्हणजे तिला ताणून बांधलेली दोरी, कापसात धरून तो तिच्यावर लाकडी मूठ हाणायचा, आणि त्या धन्-धन् तालावर गाणं म्हणायचा. गाणी त्याची स्वतःची. नाकातोंडात तंतू जाऊ नयेत म्हणून तोंडावर फडकं बांधलेलं असायचं, त्यामुळे आवाज दबून, जाड होऊन यायचा. बायका धुणं टाकून, दळण टाकून भोवती बसायच्या. त्यांच्याच बोलण्यातून त्याचं गाणं निघे. सकाळी एखादी म्हणाली की आमची म्हैस दूध देईना, तर दुपारपर्यंत म्हशीचं गाणं तयार. बोली अहिराणी. मी तिच्यावर हसलो तेव्हा तो म्हणाला होता, "हासा गुरुजी, हासा. मानूस हासस तव्हय त्याना कान उघडा ऱ्हातस."

त्याच्या गाण्यांपायी मी अहिराणी शिकलो. शाळा सुटली की तो गावात असेल तेव्हा त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो आणि गाणी वहीत उतरवून घ्यायचो. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून, कागदावरून, पाहुण्यासारखं परत आलेलं ऐकायची त्याला फार गंमत वाटे. "आखो वाचा," म्हणायचा. "मन्हंच गानं शे, पन पावनं व्हईसन उनं असं वाटस."

एक गाणं मात्र त्याने मला लिहायला सांगितलं नव्हतं. आमच्याच घरी दुसऱ्या वर्षी गादी पिंजताना तो ते गुणगुणला.

"काय पिंजू मी बाई, कापूस मोकळा शे,
कोनी निजनंच नही, गादी कोरी शे."

मी विचारलं, हे कोणाचं? हात थांबवून, तोंडावरचं फडकं खाली ओढून त्याने सांगितलं. ब्राह्मणपुरीच्या एका घरी तरण्या सुनेने त्याच्यापुढे पाळण्यातली लहानशी गादी टाकली होती. यातला कापूस मोठ्या गोधडीत मिसळून टाका, म्हणाली. चाचाने सवयीने तो गालाला लावला आणि बोलून गेला, "माय, हाऊ कापूस दबेलच नही." त्यावर ती मुलगी मटकन खाली बसली. पाळण्यातलं मूल नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं. घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. त्या दिवशी ती चाचाजवळ बोलली, आणि कापूस पिंजता पिंजता त्याने तिला हे गाणं केलं. ती ऐकून रडली, आणि मग उठून स्वयंपाकाला लागली. गाण्यात पुढे 'बामनपुरीनी सून' असे शब्द येत होते.

त्या संध्याकाळी चाचा घरी गेल्यावर मी ते वहीत उतरवलं. मला ते त्याचं सर्वांत चांगलं गाणं वाटत होतं. आजही वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात नवापूरच्या एका पारशी शेठच्या बंगल्यावर चाचा गाद्या पिंजायला गेला. शेठना फोनोचा नाद होता. त्यांनी मुंबईला तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीला पत्र टाकलं, आणि महिन्याभरात बोलावणं आलं. कंपनीला गाण्यांचे शब्द लिहून हवे होते, म्हणून चाचा मला सोबत चला म्हणाला. शाळेला सुट्टी टाकून मी निघालो. सुरतेवरून गाडीने जाताना त्याने कमान मांडीवर आडवी धरली होती. डब्यातल्या कोणालाही तिला हात लावू देईना.

मुंबईत कंपनीच्या बंद खोलीत भिंतींना जाड पडदे लावलेले होते. चाचाने फडकं बांधलं, सोबत आणलेला कापूस पसरला आणि तात छेडली. एक तंतू उडाला, आणि काचेपलीकडे यंत्रापाशी बसलेला साहेब धावतच आला. मेणाच्या थाळीवर गाणं कोरलं जातं, तिच्यावर धूळ चालत नाही, असं त्याच्या मराठी मदतनिसाने समजावलं. कापूस बाहेर गेला. मग फडकंही काढायला लावलं, कारण आवाज स्वच्छ येत नव्हता. चाचा गोंधळला. "कापूस नही तर तात काय बोलनार?" तरी त्याने मोकळ्या तातीवर मूठ हाणली आणि तोंड उघडं ठेवून गायला. त्या दिवशी त्याचा खरा आवाज मी प्रथम ऐकला. उंच आणि इतका धारदार, की मदतनिसाच्या हातातली पेन्सिल थांबली. चाचा स्वतःच दचकला होता.

पहिली बाजू नवापूरच्या आगगाडीच्या गमतीच्या गाण्याने भरली. दुसऱ्या बाजूसाठी त्याने म्हशीचं गाणं ठरवलं होतं. मदतनीस माझी वही चाळत होता. एका पानावर तो थांबला आणि म्हणाला, "हे घ्या. हेच."

मी ते ब्राह्मणपुरीच्या सुनेचं पान वाचून दाखवलं तसा चाचा माझ्याकडे बघत राहिला. "गुरुजी, हाई कव्हय लिखं?"

मी वही मिटायला गेलो.

"हाई गानं मन्हं नही," तो म्हणाला. "तिनं शे. तिना अंगनमा गायेल शे."

"चाचा, मुंबईत तिला कोण ओळखतं?" मी म्हणालो. "आणि असं गाणं जगाने ऐकायला नको का? तुम्ही गेल्यावर हे कुठे राहणार?"

साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी चाचा म्हणाला, "तुम्ही शिकेल मानूस. तुम्ही म्हनतस तर गास."

तो गायला. एकदाच, आणि एका दमात. काचेपलीकडचा साहेब, ज्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता, टोपी काढून उभा होता.

तबकडी आली आणि आमच्या मुलखात गाजली. आगगाडीचं गाणं थोडे दिवस चाललं. लोक उलटी बाजूच पुन्हा पुन्हा लावायला सांगायचे. शहाद्याच्या बाजारात, नंदुरबारच्या चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवाबाहेर. गाडीवान ते म्हणत जायचे. चाचाला रस्त्यात लोक थांबवायचे, तो लाजून पुढे सरकायचा. मी मात्र छाती काढून सांगत असे की शब्द मी उतरवून घेतलेत.

त्या दिवाळीनंतर तो नेहमीसारखा फिरतीवर गेला आणि चौथ्या दिवशीच परतला. कमान न उतरवता थेट शाळेत आला. मी वर्गाबाहेर गेलो. "माले बामनपुरीना त्या घरथीन परत धाडं, गुरुजी," तो म्हणाला. "सासूनी सांगं, आमना घर कापूस नही. चाळीस वरीस व्हयनात, आजवर कोनी माले असं सांगेल नही."

रविवारी आम्ही दोघे ब्राह्मणपुरीला गेलो. सासू दारातच उभी राहिली. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही, पण हाकललंही नाही. थोड्या वेळाने सून बाहेर आली. कडेवर दीडेक वर्षांची मुलगी होती. सुनेने बाजारात ते गाणं ऐकलं होतं. हळद घेत होती, आणि शेजारच्या दुकानात तबकडी लावली गेली. दुकानातली माणसं ही बामनपुरीची सून कोण असेल याच्यावर पैजा लावत होती.

"चाचा," ती म्हणाली, आवाज न चढवता, "मी त्याले घरमा ठेयेल व्हता. तुम्ही त्याले बजारमा फिरायं."

चाचाची मान खाली गेली. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. ते नको म्हणत होते, मीच..."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हले मी वळखत नही," ती म्हणाली, आणि पुन्हा चाचाकडे वळली. मला आयुष्यात खूप बोलणी खावी लागली, पण यासारखं कुठलं लागलं नाही.

"आते ते परत लेता येस का?" तिने विचारलं.

"नही, माय," चाचा म्हणाला. "घरघरमा जायेल शे."

ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "त्या तबकडीमा त्यानं नाव शे का?"

"नाव तू माले सांगेलच नही."

"बरं व्हयनं," ती म्हणाली. "तेवढं ऱ्हायनं मन्हाजोडे."

ती आत गेली. आम्ही निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती कापसाचं गाठोडं घेऊन आली आणि चाचापुढे ठेवलं. सासू दारातून बाजूला सरली. चाचाने फडकं बांधलं आणि पिंजायला बसला. दुपार उतरेपर्यंत तो पिंजत होता. तोंडातून एक सूरही काढला नाही. अंगणात नुसती तात वाजत होती, आणि मी कुंपणापाशी उभा होतो, काय करावं ते न कळून.

कंपनीची आणखी दोन पत्रं आली. मीच वाचून दाखवली. दुसऱ्या पत्रानंतर तो म्हणाला, "तठे गायं का गानं परत येत नही, गुरुजी. अंगनमा गायं का अंगनमाच ऱ्हास." गाणं त्याने सोडलं नाही. म्हशींची, सासवांची, रुसलेल्या व्याह्यांची गाणी होतच राहिली. पण नवं गाणं झालं की तो आधी घरच्या बाईला विचारायचा, हे दुसऱ्या घरी म्हणू का? काही जणी हो म्हणायच्या, काही नाही म्हणायच्या. नाही म्हटलेलं मी त्याच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. माझ्यावर त्याने राग धरला नाही. मला ते राग धरण्याहून जड गेलं.

दुसरं महायुद्ध सुरू होतं तेव्हा त्याची छाती गेली. आयुष्यभर फडकं बांधूनही कापूस आत शिरलाच होता. दोन शब्द बोलला की धाप लागायची. एका सकाळी त्याने मला वही घेऊन बोलावलं. "वाचा," म्हणाला. मी पहिल्या पानापासून वाचू लागलो. प्रत्येक गाणं संपलं की ते कोणाच्या अंगणातलं हे तो डोळे मिटून आठवायचा, मग म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या." किंवा, "फाडा."

पहिल्यांदा मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "चाचा, हे फार सुंदर आहे," मी म्हणालो.

"सुंदर शे म्हनीसनच," तो म्हणाला, आणि खोकत राहिला.

मी फाडलं. तीन सकाळी हे चाललं. ब्राह्मणपुरीच्या गाण्याचं पान आलं तेव्हा मी त्याने सांगायची वाट न पाहता ते फाडलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच उन्हाळ्यात तो गेला. गल्लीतल्या लोकांसोबत मी कबरस्तानापर्यंत गेलो. येताना वाटेत हॉटेलात तीच तबकडी वाजत होती. मालकाला चाचा गेल्याचं कळलं नव्हतं. मी आत जाऊन त्याला सांगितलं. त्याने सुई उचलली.

वही माझ्याकडे अजून आहे, निम्मी उरलेली. आता अधूनमधून कोणी शिकलेली मुलं येतात, अहिराणी गाणी गोळा करतात म्हणे. मी त्यांना वही देतो, बसवून चाली म्हणून दाखवतो, चहा पाजतो. मधली पानं कुठे गेली असं त्यांनी विचारलं की सांगतो, ती ज्यांची होती त्यांच्याकडे आहेत. ती मुलं विचारतात, म्हणजे कोणाकडे? मी त्यांच्या पेल्यात आणखी थोडा चहा ओततो.